अबखाझ, रशियन आणि माझा न

"मुलांनो, ते नका ऐकू. पाणी. बाणातला ण. म्हणा सगळे."

मंजिरीताईंच्या मागून अकरा मुलांनी म्हटलं. त्यांत माझी लेक मित्राही होती. आठ वर्षांची.

मी फळ्यापाशी उभी. हातात मार्कर. इथे परदेशात, मरीन परेड भागातल्या एका कॉन्डोच्या, म्हणजे उंची सोसायटीच्या, हॉलमध्ये दर रविवारी मराठीचा वर्ग भरायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदाच शिकवत होते. एक छोटा धडा वाचून दाखवला. त्यात 'पाणी' तीनदा आलं. तिन्ही वेळा मी 'पानी' म्हटलं. मागे बसलेल्या आयांपैकी कुणीतरी हसलं. मग वर्ग चालवणाऱ्या मंजिरीताई उठल्या. त्या पुण्याच्या. रॅफल्स प्लेसला बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी माझ्या हातातला मार्कर घेतला. हिसकावला नाही. हसत घेतला.

"गैरसमज करून घेऊ नकोस हं. पण मुलांच्या कानावर शुद्धच पडायला हवं ना. तू असं कर, खाऊचं बघ."

मी खाऊचं बघितलं. ज्यूसची खोकी मांडली. प्रत्येकात स्ट्रॉ खोचून दिली. एका बाईंनी विचारलं, मूळच्या कुठल्या? परभणीकडची, म्हटलं. आडनाव? तेही सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. हा अच्छा मला शाळेपासून ओळखीचा आहे. त्याच्यानंतर माणसं थोडी मागे सरकतात.

घरी येताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, मित्रानं विचारलं, "आई, युअर मराठी राँग वन, इज इट?"

मी खिडकीकडे बघत राहिले. बोगद्यात बाहेर काही दिसत नाही, तरी.

लिहिताना माझा ण कधी चुकला नाही. दहावीला मराठीत तालुक्यात पहिली होते. बोलताना मात्र जीभ वर वळत नाही. आमच्या वस्तीत ती कुणाचीच वळत नाही. आणि माझं पोट भरतं ते जिभेच्याच अभ्यासावर. इथल्या एका संशोधन संस्थेत मी आवाजांचं काम करते. गेली दोन वर्षं अबखाझ आणि रशियन या दोन भाषांची तुलना करते आहे. अबखाझ म्हणजे काळ्या समुद्राच्या काठावर राहणाऱ्या थोड्या लोकांची भाषा. शेजारी रशियन, प्रचंड. लिपी जवळजवळ एकच, पण आतून एकमेकींना काही लागत नाहीत. अबखाझमध्ये व्यंजनं अठ्ठावन्न आणि स्वर जेमतेम दोन. रशियनमध्ये क दोन, एक कडक, एक मऊ. अबखाझमध्ये आपल्या कानाला क वाटतील असे नऊ आवाज. रशियन ऐकून शिकलेलं, आवाज ओळखणारं आमचं यंत्र त्या नवांचे दोनच करून टाकायचं. उरलेले सात त्याच्या लेखी नव्हतेच.

अठ्ठावन्न व्यंजनं कान देऊन वेगळी काढणारी मी. एका न साठी खाऊवर बसले.

त्या आठवड्यात मी आरशासमोर उभी राहून ण घोटला. बाण. कण. कोण. बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई, तोंड उघडून स्वतःची जीभ बघते आहे. मग आईचा फोन आला. आई अंगणवाडीत मदतनीस होती. आता घरीच असते. तिला बोलायला लागतं. शेजारणीच्या म्हशीपासून भावाच्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगते. त्या दिवशी म्हणाली, "आज नळाला पानीच आलं न्हाई बग."

मी म्हटलं, "पाणी, आई. पानी नाही. मित्रा ऐकते आहे."

ती मग म्हणाली, "बरं बाई."

त्यानंतर तिचे फोन लहान होत गेले. जेवलीस का? पोर बरी आहे का? ठेवते. मला वाटलं, वय झालं.

माझ्या कामासाठी बोलून दाखवायला आम्रा नावाची अबखाझ बाई यायची. पन्नाशी ओलांडलेली. नवरा जहाजदुरुस्तीतला इंजिनिअर, ती स्वतः मुलांना पियानो शिकवायची. ती तीच वाक्यं आधी अबखाझमध्ये वाचायची, मग रशियनमध्ये. आमचं बोलणं इंग्रजीत, दोघींचंही मोडकं. तिचं रशियन जिथे आमच्याकडे मुद्रित असलेल्या मॉस्कोच्या बाईपेक्षा वेगळं पडे तिथे मी तक्त्यात लाल खूण करायची. रकान्याचं नाव होतं, चुका. नाव मीच दिलेलं. अबखाझच्या तक्त्यात असला रकानाच नव्हता. तिथे मापायला कुणाचीच पट्टी नव्हती.

एका दुपारी तिनं माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे लाल काय?"

"चुका," मी म्हटलं. सहज म्हटलं.

ती रागावली नाही. तिनं तिच्या आईचं सांगितलं.

आम्रा पाचवीत गेली तशी शाळा रशियनमध्ये सुरू झाली. एकदा आई तिचा डबा द्यायला आली. दारात उभी राहून मास्तरणीला रशियनमध्ये म्हणाली, ही माझी मुलगी. पण म्हणाली, "मोय दोच." पाहिजे "मया दोच." अबखाझमध्ये नामाला लिंग नसतं. माझा, माझी, माझं, सगळ्याला एकच छोटा स पुढे लावतात. आईनं रशियनमध्ये पुरुषाचा शब्द लावला. आपल्याकडे कुणी म्हणावं, ही माझा मुलगी, तसं. वर्ग हसला. मास्तरणीही हसली. आणि आम्रा उठून सगळ्यांदेखत आईला म्हणाली, "मया. मोय नाही. एवढंही येत नाही तुला?"

"त्यानंतर तिनं बाहेर कुणासमोर मला मुलगी म्हणून ओळख करून दिली नाही," आम्रा म्हणाली. "कुठल्याच भाषेत. माझ्या लग्नातसुद्धा नुसती शेजारी उभी राहिली. ती गेली तेव्हा माझ्याकडे तिचा आवाज नव्हता. म्हणून मी तुझ्याकडे येते. माझ्या तोंडात कुठे ती सापडते का बघायला."

मला बसवेना. जिन्यात गेले आणि तिथूनच आईला फोन लावला.

"आई, तू हल्ली नीट बोलत का नाहीस माझ्याशी?"

"बोलते की."

"नाही बोलत. खरं सांग."

मग ती म्हणाली, "तिथं मोठी मान्सं असतात तुझ्या घरी. तुझं नाव खराब व्हऊ नये म्हनून..." थांबली. आणि एकेक अक्षर जुळवत पुन्हा म्हणाली, "म्हणून."

माझी आई. चाळीस वर्षं लेकरांना अंघोळ घालून अंगणवाडीत बसवणारी, कुणाला न भिणारी. तिला मी भ्यायला लावलं. मंजिरीताईंनी नाही. त्यांनी मला दिलं आणि मी ते जसंच्या तसं उचलून तिच्या तोंडात कोंबलं.

जिन्यात बसून रडले. मग वर जाऊन तो रकाना काढून टाकला.

पुढच्या रविवारी मंजिरीताईंनी ज्यूसचं खोकं माझ्यापुढे सरकवलं. मी ते तिथेच राहू दिलं आणि फळ्यापाशी गेले.

"मी खाऊ वाटनार न्हाई," मी म्हटलं. "मी शिकवनार आहे. आन् अशीच बोलनार आहे."

"अगं, पण शुद्धलेखन..."

"लेखन माझं शुद्धच आहे. तपासा. तुम्हाला माझ्या बोलन्याचा तरास होतो. बोलनं माझ्या आईचं आहे."

कुणी हसलं नाही. पोरं एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मी धडा वाचला, पूर्ण वाचला. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निरोप आला. सध्या शिक्षक पुरेसे आहेत, सहकार्याबद्दल आभार. आठवड्याभरात मला गटातून काढलं.

आता पाया लेबारजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये शनिवारी वर्ग भरतो. तीन मुलं येतात. एक नागपूरकडचं, एक सोलापूरचं, आणि मित्रा. घरी जशी बोलतात तशी मराठी घेऊन यायची, एवढाच नियम.

आईशी रोज बोलते. ती अजून जपूनच बोलते. विसरून कधी मोकळी होते, लगेच सावरून घेते. मी कितीदा माफी मागितली. ती म्हणते, "काही नाही गं, सवय लागली." ती सवय सुटेल असं मला वाटत नाही. हे माझ्या नावावर राहील.

मागच्या आठवड्यात मंजिरीताईंचा फोन आला. आवाज गोडच होता. म्हणाल्या, "इथे आपण मूठभर मराठी. त्यात वेगळा वर्ग काढायचा म्हणजे समाजात फूट पाडणं झालं."

मी म्हटलं, "फूट आधीचीच आहे, ताई. इतके दिवस मी तिच्यावर पाय ठेवून तुमच्याकडं यायचं बघत होते. आता मी माझ्या बाजूला उभी आहे. इथनं हलनार न्हाई."