काकांच्या बुटांचा चिखल

आमचे काका जंगलात ओंडके ओढणारं यंत्र चालवायचे. डोंगराचा एक उतार त्यांच्या टोळीने पार बोडका केला. वर्षभरात तिथे कुठलंसं परकं, पिवळ्या फुलांचं काटेरी तण कमरेएवढं माजलं. विचारलं की काका खेकसायचे, "वाऱ्याने येतं ते! मला काय विचारता?"

मग तेच तण आमच्या मागच्या दारी उगवलं. काका बूट आपटून चिखल झाडायचे, नेमकं त्याच दाराच्या पायरीपाशी. काकू उपटता उपटता म्हणाली, "वाऱ्याला बरी आपलीच पायरी सापडली!"

काकांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. बुटांचा चिखल त्यांनी दोन डब्यांत भरला. एक उन्हात ठेवला, एक कपाटामागे. उन्हातला त्याच तणाने हिरवागार झाला, कपाटामागचा तसाच राहिला.

मग ते नुकत्याच तोडलेल्या दुसऱ्या उतारावर गेले. कडेच्या उभ्या झाडांखाली तण नव्हतं. उघड्यावर मात्र, त्यांच्या यंत्राच्या चाकांनी माती खरवडली होती तिथे, कोवळ्या तणाच्या दोन ओळी चाकोरीतून वर चढल्या होत्या.

घरी येऊन ते पायरीवर बसले आणि काकूला म्हणाले, "मला झाडं तोडायला ठेवलं होतं गं. पेरूनही मीच आलो."