पंधरा की पन्नास?

शाळेचा बिघडलेला ध्वनिक्षेपक घेऊन मी बाळापूरला सलीमभाईंच्या दुकानात गेलो, ती आमची पहिली भेट. दुरुस्ती चालू असताना कोपऱ्यातल्या बिनतारी संचातून एक गृहस्थ थेट हैदराबादहून त्यांची तब्येत विचारू लागले. मी चिखलदऱ्यात विज्ञान शिकवणारा शिक्षक. तरी थक्क होऊन पाहत राहिलो. ‘‘शिकता का, मास्तर?’’ त्यांनी विचारले. मग वर्षभर दर रविवारी त्यांनी मला हौशी (हॅम) रेडिओ शिकवला आणि परवाना मिळताच आपला जुना संच माझ्या हाती ठेवला.

ऐकलेला निरोप तसाच्या तसा पुढे पोचवायचा, हे त्यांच्या शिकवणीचे सार. त्याचे मोल मला एका पावसाळ्यात कळले. आमच्या गावची फुलवंती खाली कपाशीवर फवारणी करून परतली आणि अंगणातच कोसळली. विषबाधा. आरोग्य केंद्रातली इंजेक्शने संपत आलेली, दरडीने घाट बंद, मोबाइल दोन दिवस मुके. माझा आवाज परतवाड्याच्या हौशी मित्रापर्यंत पोचेना. बाळापूरहून सलीमभाईंनी मात्र ओ दिली.

‘‘औषधाचं नाव एकेक अक्षर सांगा. किती पायजे?’’

‘‘पन्नास.’’

‘‘पंधरा का पन्नास? पाचावर शून्य आहे का?’’

‘‘सलीमभाई, इथे बाई मरायला टेकली आहे!’’

‘‘म्हनूनच इचारून राहिलो, मास्तर.’’

मी आकड्याची फोड करून सांगितली: पाच, शून्य. मग त्यांनी परतवाड्याला निरोप दिला आणि तो परत म्हणवून घेतला. मला त्यांचाच आवाज ऐकू येत होता: ‘‘पंधरा नाही, भाऊ. पाचावर शून्य. पुन्ना म्हना.’’ परतवाड्याला पंधराच ऐकू गेले होते.

परतवाड्याहून चौघे जण दरड ओलांडून दुपारी खोके घेऊन आले. पंधरा इंजेक्शने तर पहिल्या तासाभरातच संपली. चौथ्या दिवशी फुलवंती उठून बसली. निरोपाच्या दिवशी सलीमभाई तापाने फणफणले असूनही संचापासून हलले नव्हते, हे मला पुढे त्यांच्या बेगमसाहेबांकडून समजले. आभार मानायला गेलो तर म्हणाले, ‘‘औषध डॉक्टरचं, पाय त्या चौघांचे. मी मधातला निरोप्या.’’

आज पंचाहत्तरीत ते अकोल्याच्या महाविद्यालयात मुलींना हीच विद्या देतात. परवा एकीने विचारले, ‘‘सर, मोबाइल असताना हे कशाले?’’

‘‘चालते तवर मोबाइलच वापर, बेटा. बंद पडला त मले हाक मार.’’

सलीमभाई, आपणांस उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो. आणि आपले कान असेच तिखट राहोत. आमच्यापैकी कुणाचा जीव कधी त्या कानांवर अवलंबून असेल, सांगता येत नाही.