आधी बसा, राव

दापोडीच्या रेल्वे फाटकाजवळचा सायकलवाला गिऱ्हाइकाला उभ्यानं बोलूच देत नसे. "आधी बसा, राव!" कारण त्यानं पाळलेली सहा महिन्यांची कुत्री. कुणीतरी तिला काठीनं बेदम मारलेलं. उभा माणूस दिसला की ती खोक्यामागे थरथरायची. हवा भरायचा लांब पंपही तो दुकानामागे नेऊन मारी. कारखान्याचे कडक फोरमनसुद्धा सोला हॅट मांडीवर घेऊन गोणपाटावर मुकाट बसत.

एका सकाळी घाईत मी विसरून उभाच राहिलो. कुत्री खोक्यामागून बाहेर आली, पाय रोवून माझ्यावर भुंकली. मी घाबरून मटकन बसलो.

सायकलवाला पाना टाकून उठला. "माशाल्ला! भुंकली, माझी पोरगी भुंकली! उठा, राव, अजून एकदा उभे राहा!"