हलू नका, दाजी मोजतायत

न खणता जमिनीच्या पोटातलं ओळखणारा माणूस आमच्या सगळ्या गोतावळ्यात एकच, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुणाच्याही घरी गेले की दाजी आधी उंबऱ्याच्या आत टाच आपटतात, मग पाणी घेतात. माझ्या लग्नात त्यांनी मांडवातली भुई अशीच आपटून पाहिली आणि पंगत दुसरीकडे हलवायला लावली. "इथं भराव आहे," म्हणाले. भराव जेवणाऱ्यांचं काय बिघडवणार होता, ते मी अजून विचारलेलं नाही.

त्यांची नोकरी रस्ते आणि पाये तपासायची. हादरा टिपणाऱ्या, खाली खिळा लावलेल्या चोवीस डब्या जमिनीत एका ओळीत रोवायच्या, लोखंडी पाट्यावर घण घालायचा आणि हादरा किती वेगानं पळाला त्यावरून खालची जमीन घट्ट की भुसभुशीत ते सांगायचं. मध्येच कुणी पाऊल टाकलं की मोजणी बिघडते. त्यामुळे दाजींच्या तोंडी कायम एकच वाक्य, "हलू नका."

दुष्काळात पिकं गेली, दूध तेवढं राहिलं. तेही अंबाजोगाईला पोचेपर्यंत नासायचं. म्हणून आमच्या बायकांच्या दूध संस्थेनं गावातच दूध थंड करायची टाकी बसवायचं ठरवलं. मी सचिव. पैसे एकाच बांधकामापुरते होते. जागा आप्पांनी दिलेली, आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याच्या जागेला नावं कोण ठेवणार? मी दाजींना बोलावलं.

आप्पा नारळ घेऊनच आले. "दाजी, पाणी किती फुटावर हाय?"

"मी पाणाड्या नाही, आप्पा. जमीन किती घट्ट, तेवढं बघतो."

"मंग मी नारळ कशाला आणला?"

"तो धरून उभे राहा. हलू नका."

आप्पा थांबले, बायका थांबल्या, टँकरवाल्यानं इंजिन बंद केलं. एक म्हैस तेवढी दाजींना जुमानेना. तिच्यापायी सात वेळा घण घालावा लागला. शेवटी तिच्यापुढे पेंड ठेवली, तेव्हा कुठे मोजणी झाली.

"मधोमध हादरा रेंगाळतोय," दाजी म्हणाले. "खाली काहीतरी बुजवलंय."

"माझ्या बापाची जमीन हाय ती. लई पक्की." मग आप्पा नारळाकडे बघत म्हणाले, "आड होता इथं. आमीच बुजवलता. इसरलो बगा."

इमारत वीस पावलं सरकली. नारळ तिथं फुटला.

टाकी अजून चालू आहे, भिंतीला चीर नाही. दाजींचा घण मात्र गुडघ्यांमुळे सुटला. आता संस्थेत आले की काठी टेकत आत जातात आणि फरशीवर टाच नुसती टेकवतात. "हलू नका," म्हणतात. समोर यंत्र नसतं, डब्या नसतात. तरी हातातले कॅन तसेच धरून बायका थांबतात. मीही थांबते.