अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

भिकाजीकाका एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टर होते. कुडाळ-मालवण गाडीत शेवटच्या सीटवर झोपलेला माणूससुद्धा आपला स्टॉप चुकवत नसे, असा त्यांचा आवाज. त्याच आवाजात ते गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. तो त्यांच्या घराण्याचा मान. एकाने देवाला सांगायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, एवढं आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं.

तरी मी ते कापलं.

गेल्या भाद्रपदात आमच्या गावातला चंदन एकटाच होडी घेऊन मासेमारीला गेला. तिसऱ्या दिवशी देवगडच्या बाजूला होडी मिळाली, रिकामी. त्या संध्याकाळी काकांनी गाऱ्हाणं घातलं, "जो कोण वाट चुकलेलो आसा, तेका उंबऱ्यार हाड रे म्हाराजा." म्हणजे वाट चुकलेल्याला घराच्या उंबऱ्यावर आण. मी ते फोनवर घेतलं आणि शोधायला मदत होईल म्हणून चंदनचा फोटो जोडून नेटवर टाकलं. माझा कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालाय, आवाज साफ करणं मला जमतं. लोकांचा 'व्हय' फाटका येत होता. तेवढा काढून टाकला.

आठवड्याभरात चंदनचा फोटो गळून पडला, आवाज राहिला. कुणाचा पगार रखडला, कुणाचा मोजा हरवला, कुणाचा नवरा दूध आणायला जाऊन मित्रांत रमला, की मागे काकांचं गाऱ्हाणं. लोक त्यावर नाचतही होते.

काकांकडे साधा बटणांचा फोन. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बाजाराच्या दिवशी कुडाळला जाताना पुढच्या सीटवरच्या दोन कॉलेजच्या मुलींच्या फोनमधून त्यांना स्वतःचाच आवाज आला. 'हाड रे म्हाराजा', आणि मग काहीच नाही. पुन्हा तेच. काकांनी दोनदा वाट पाहिली. तिसऱ्यांदा ते स्वतःच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मुली वळल्या. "आजोबानू, तुमीच मां ते?" एकीने लगेच त्यांच्यासोबत फोटो काढला. "हसा मां जरा."

त्या दिवसापासून जिथे कानावर येईल तिथे काका व्हय म्हणू लागले. सलूनमध्ये, मासळीबाजारात, लग्नाच्या मांडवात. पोरं मुद्दाम लावायची. "कंडक्टर इलो, लाय रे," म्हणायची. काका चिडत नसत. हातातलं काम थांबवून व्हय म्हणत आणि पुढे जात.

एका दुपारी ते माझ्याकडे आले. "केयूर, ता पुसून टाक."

"माझा मी कधीच पुसलंय, काकानू. पण तो आवाज आता त्रेचाळीस हजार व्हिडिओत आसा."

काका ओट्यावर बसले. "म्हणजे त्रेचाळीस हजार वेळा तेका हाक गेली. आणि व्हय म्हणूक कोण नाय." मग हळूच म्हणाले, "अर्ध्या गाऱ्हाण्यान माणूस येता रे. पण उंबऱ्याभायर थांबता."

लोकांचा व्हय कापणारा मीच, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. ते रागावले नाहीत. "मग पुरा करूया," एवढंच म्हणाले. सगळ्या गावाने देवळात जमून ते गाऱ्हाणं पुन्हा घालायचं. त्याआधी चंदनच्या आईला, सुगंधाकाकीला, विचारायला हवं होतं.

तिच्या घराचं दार सताड उघडं होतं. काकी उंबऱ्याबाहेर बसून फडक्याने जमीन पुसत होती.

"ह्या काय गो?" काकांनी विचारलं.

"सकाळची ओल," ती म्हणाली. कौल गळतंय असं सांगावं तशी.

पाऊस जाऊन वीस दिवस झाले होते. मोरीचं पाणी असेल, मी मनाशी म्हटलं. मोरी घराच्या मागच्या बाजूला होती.

काकांनी आमचा बेत सांगितला. तिने फडकं अंगणात पिळलं. "नको, भिकाजीदादा. मी त्या दिवशीपण व्हय म्हणूक नाय."

"गो, तुझो झिल चंदन उंबऱ्याच्या भुतूर येवक नको तुका?"

"इतके दीस पाण्यात रवलेलो माणूस कसो दिसता, ता तुमी बघल्यात. मी बघूचंय नाय." ती पुन्हा पुसू लागली. "तो हयसर येता, थांबता. तितक्यान माका पुरे. तुमी व्हय म्हणत फिरतास, असा ऐकलंय. म्हणू नकात."

पुढे काकांनी गाऱ्हाण्याचा मान पुतण्याकडे दिला.

गेल्या आठवड्यात मी आणि ते कुडाळच्या एकाच गाडीत होतो. मागच्या सीटवर कुणीतरी लावलं. '…तेका उंबऱ्यार हाड रे म्हाराजा.' मग शांतता. पोरं हसू दाबून काकांकडे बघत होती. "काका, म्हणा मां," एकजण म्हणाला.

काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्ही हातांनी तोंडावर घट्ट दाबून धरला. व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लागला. शेवट जवळ आला तसे मीही ओठ दातांखाली धरले.