शुभेच्छुकांसह पोर्टफोलिओ

जगातलं कुठलंही काम माणूस एकट्याने करू शकतो, यावर माझ्या मावसभावाचा काडीचाही विश्वास नाही. दाढी करायलासुद्धा तो सोबत कुणाला तरी घेऊन जातो आणि कल्ले केवढे ठेवायचे ते त्याला विचारतो. वारंगा फाट्यावरच्या फ्लेक्सच्या दुकानात तो वाढदिवसाचे बॅनर करायचा. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, खाली शुभेच्छुकांचे चेहरे. कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं त्याला पाठ. एकदा दोरी ओवायचं भोक एका माजी सरपंचांच्या कानातून गेलं, तर हा नवा बॅनर छापून वर त्यांच्या घरी चहाला जाऊन आला.

अशा माणसाला पुण्याच्या डिझाइन स्टुडिओत नोकरी हवी होती, आणि मनापासून हवी होती. "दादा, जिंदगीभर दुसऱ्याचे वाढदिवस करून राहिलो. एखादं काम माझं म्हणून दिसावं." मला भरून आलं. मग त्याने स्टुडिओला फोन लावला. जेवण झालं का, तिकडं पाऊस कसा आहे, एवढं विचारून ठेवून दिला.

"कामाचं काहून न्हाई बोलला?" मी विचारलं.

"पहिल्याच फोनला काम सांगावं का, दादा? बरं दिसतं का ते?"

दुसऱ्या फोनला भेटीची वेळ मिळाली. कशी मिळाली, देव जाणे.

पुण्याला अर्थातच मीही गेलो. तिथल्या मॅडमनी पोर्टफोलिओ उघडला आणि मी पाहतच राहिलो. पहिल्या पानावर गॉगल लावून हा, आणि खाली शुभेच्छुक: मावशी, काका, दुकानाचे मालक, औंढ्याचे चित्रकलेचे गुरुजी आणि लग्नातल्या फेट्यातला मी. पुढे लग्नपत्रिका असो की खताच्या दुकानाची पाटी, प्रत्येक पानाच्या तळाशी आम्ही सगळे हजर.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं. हा एकेकाची ओळख करून देऊ लागला. माझ्यापाशी आल्यावर त्याने मला उभं केलं. मॅडमनी एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला. अशा वेळी दुसरं काय करायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

"पण यात तुमचं काम कोणतं?"

"हेच की, मॅडम. ह्यायच्यामुळंच तर झालं सगळं. ह्यायला कसं काढू?"

"काढा, आणि मग पुन्हा या," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला फक्त तुम्ही केलेलं बघायचंय."

परतीच्या बसमध्ये तो एकेक पान उलटून तळाचे चेहरे मोजत होता. नंतर कित्येक दिवस एकेक चेहरा काढण्याआधी तो त्या माणसाला फोन करायचा. माझी पाळी आली तेव्हा मलाही फोन आला. "दादा, तुमाला काढून राहिलो. राग नका मानू." मी बरं म्हणालो, आणि का कोण जाणे, खरंच थोडा राग आला. शेवटी बिनचेहऱ्यांचा पोर्टफोलिओ घेऊन तो पुण्याला गेला, आणि एकटा गेला. त्याला त्यांनी घेतलं.

आम्ही फाट्यावर अभिनंदनाचा बॅनर लावायचं ठरवलं. कुणाचा फोटो कुठं, यावरून दुकानात एवढा घोळ झाला की शेवटी आमच्यापैकी कुणाचाच घातला नाही. आता तिथं तो एकटाच आहे, गॉगल लावून. जाता-येता मी थांबून बघतो. चांगलं झालं की वाईट, माझं काही ठरत नाही. खालची जागा मोकळीच राहिली आहे. आम्हाला तिथं नीट बसवून देणारा एकच माणूस होता, आणि तो आता पुण्याला असतो.