गर्दी होऊ नये म्हणून

ही गोष्ट मी कोणाला सांगायची नाही, असं ठरलेलं आहे. मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, "हे शाळेच्या गेटाबाहेर जाता कामा नये!" आता तुम्हीच सांगा, जी गोष्ट मुळात काठ्या घेऊन गेटाबाहेरूनच आत आली, ती बाहेर जाऊ नये म्हणजे कसं? आमच्या टोल्यातल्या शेळ्यांनासुद्धा ती ठाऊक आहे. फक्त तुम्ही राहिलात. तेव्हा चहा घ्या आणि ऐका. पण हसू नका. बरं, हसा. आजवर कोणी थांबलेलं नाही, तुम्ही तरी कशाला थांबाल?

आधी माझ्याबद्दल सांगते. मी प्रणाली, त्या वर्षी नववीत होते. मी कमी बोलते. कमी म्हणजे किती? हजेरीला मी 'उपस्थित' म्हणायचे ते सरांना ऐकूच जायचं नाही. ते मान वर करून मी बसले आहे का ते बघायचे आणि मग खूण करायचे. घरी आलेले पाहुणे हळूच आईला विचारायचे, "पोरीले बोलता येते ना व?"

आणि माझ्या अगदी उलट सुषमा. टोल्यातून नववीत आम्ही दोघीच. टोला म्हणजे मोठ्या गावापासून सुटून पडलेली थोडीशी घरं, एका अंगाला तलाव आणि दुसऱ्या अंगाला जंगल. शाळा मोठ्या गावात, आणि मधला रस्ता जंगलातून. वाघ आमच्याकडे गोष्टीत नसतो, रस्त्यावर असतो. म्हणून टोल्यातल्या पोरांना चालायला लागल्यापासून एकच शिकवण: रस्त्यानं एकटं जायचं नाही आणि गप्प जायचं नाही. माणसं बोलत चालली की जनावर आपणहून बाजूला होतं. लहानमोठी सगळी पोरं मिळून निघायची. सर्वांत पुढे सुषमा. तिच्या तोंडाची टकळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच, सुरू व्हायची, ती थेट शाळेच्या घंटेला थांबायची. मला तर वाटायचं, वाघ आम्हाला भिऊन दूर जात नाही, सुषमाला कंटाळून जातो.

मग कोरोना आला आणि शाळेला कुलूप लागलं. अभ्यास फोनवर आला, फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर यायची, आणि सुषमाकडे तर फोनच नव्हता. माझ्या फोनवर दोघी मिळून धडे ऐकायचो. सर काय म्हणाले ते मला कधी कळलं नाही, कारण वरून सुषमा बोलत असायची.

थंडीच्या दिवसांत एकदा मोठे सर स्वतः टोल्यावर आले. म्हणाले, "प्रणाली, तुह्या रेघा सरळ येतात. एक काम कर."

काम असं होतं. शाळा एकदम उघडायची नाही, टप्प्याटप्प्यानं उघडायची. आधी फक्त नववी-दहावी. त्यातही अर्धी पोरं आज, अर्धी उद्या. एका बाकावर एकच. सगळं नीट झालं की मग लहान वर्ग. कोणी कोणत्या दिवशी यायचं आणि कुठं बसायचं, हे मी ठरवून आखून द्यायचं.

"सोमवारी तालुक्याहून साहेब येतील पाहाले," सर म्हणाले. "त्याईले व्यवस्था पटली तं शाळा चालू. गर्दी दिसली तं पुन्हा कुलूप."

हे ऐकून माझ्यापेक्षा सुषमाच जास्त घाबरली. तिची आई वच्छलाकाकी त्याच आठवड्यात मिरची तोडायला तेलंगणात निघणार होती. मुकादमाची गाडी ठरलेली होती. काकीनं सुषमाला स्पष्ट सांगितलं होतं, "शाळा चालू झाली तं राहा इथी. नाई तं चाल मिरचीले. घरी बसून काय करशीन?" मिरचीला गेलेली माणसं होळीनंतर परततात. पण गेलेल्या पोरी शाळेत परततातच असं नाही. म्हणजे सुषमाची नववी आता माझ्या सरळ रेघांवर लटकली होती!

मग काय, मी कामालाच लागले. ओसरीवर खडूनं बाकं आखली. मुलींसाठी तुरीचे दाणे घेतले आणि मुलांसाठी चणे. मध्येच कोंबडी आली आणि दहावीचे दोन विद्यार्थी गिळून गेली. पण मी हटले नाही. न बोलणाऱ्या माणसाला दिवसभर बघण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो, त्यामुळे वर्गात कोण कोणाशी बोलतं हे मला तोंडपाठ होतं. एकमेकांशी बोलणारी दोन माणसं मी एका दिवशी ठेवलीच नाहीत. मैत्रिणी तोडल्या, जिवलग दोस्त फोडले. बोलणं नाही तर घोळका नाही, घोळका नाही तर गर्दी नाही! सुषमा सगळ्यांशीच बोलते, म्हणून तिला साहेब नसतील तो मंगळवार दिला. आणि मला सोमवार. का? खिडकीजवळचं बाक सोमवारी मोकळं होतं म्हणून. आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

सर आखणी बघून खूश. "याले म्हन्ते डोकं!" त्यांनी ती भिंतीवर चिकटवली. त्यांच्याही लक्षात काही आलं नाही. येणार कसं? सर पलीकडून डांबरी रस्त्यानं गाडीवर येतात.

लक्षात आलं ते सुषमाच्या, रविवारी संध्याकाळी.

"अवं, सोमवारी टोल्यातून कोन कोन हाये?"

"मी."

"अन्?"

मी बोटं मोजून पाहिली. लहान वर्गांना अजून बोलावलेलंच नव्हतं. दहावीत टोल्यातलं कोणी नव्हतं. आणि सुषमाला मीच मंगळवारात टाकलं होतं.

"माय वं!" सुषमा कपाळावर हात मारून म्हणाली. "मंगळवारी मी एकटी, त्याचं काही नाई. मी आपली बोलत जाईन. पन तुह्यं काय? वाघ समोर आला तं तू 'उपस्थित' म्हनशीन, ते बी त्याले ऐकू नाई जानार! मी येऊ का संगं?"

"नको!" मी म्हणाले. "जास्तीचं माणूस दिसलं तं साहेब कुलूप लावतील. मंग तू मिरचीले."

सरांना सांगायला मला लाज वाटली. डोकं म्हणाले होते ना!

सोमवारी बाबा पहाटेच जाळं घेऊन तलावावर गेले होते. आईनं चुलीपासून विचारलं, "सुषमा हाये ना संगं?" मी मान हलवली. मान हलवायला आवाज लागत नाही, त्यामुळे खोटं बोलणं मला सोपं जातं.

आणि मी निघाले. सागाची वाळलेली पानं पायाखाली अशी वाजत होती, की दर पावलाला मीच मागे वळून बघत होते. बोलायला हवं होतं. पण एकट्या माणसानं बोलायचं काय? मी दोनाचा पाढा सुरू केला. तोंडावर मास्क. तो पाढा मलाच ऐकू येईना, वाघाला काय येणार?

मास्क खाली केला. थोडं मोठ्यानं म्हणून पाहिलं. मग डोक्यात आलं, पाढा म्हणणारं माणूस एकटंच असतं हे वाघालाही कळत असेल. आपण पुष्कळ जणी आहोत असं त्याला वाटलं पाहिजे! म्हणून मी मागे वळून हाक मारली, "सुषमाऽऽ! मांगं नको राहू व!"

काय सांगू, आवाज निघाला! जंगलभर घुमला! मला इतका धीर आला, की मी थांबेचना. "सुषमा, कुठी गेली व? सुषमाऽऽ, बोलून काऊन नाई राह्यली? इकडं ये, तिकडं झुडपात नको जाऊ!"

आता नाल्यापलीकडे सरपणाला आलेल्या बाया होत्या, आणि त्यांत वच्छलाकाकी होती, हे मला कुठं माहीत? आणि तो आवाज माझा आहे हे त्यांना तरी कसं कळावं? माझा आवाज टोल्यात कोणी कधी ऐकला होता?

त्यांनी ऐकलं ते एवढंच: कोणी तरी पोरगी जंगलात जिवाच्या आकांतानं सुषमाला शोधते आहे, आणि सुषमा उत्तर देत नाही.

"माही पोट्टी!" काकीनं मोळी टाकली. "शाळेत जातो म्हनून लय हट्ट करून राह्यली होती. निंगाली वाट्टे गुपचूप!"

एक बाई टोल्याकडे धावली. तिनं सांगितलं, "वाघ आला!" पुढच्यानं सांगितलं, "पोट्टी नेली!" तलावापर्यंत बातमी गेली तेव्हा कोणाची पोट्टी हे सांगायलाही कोणाला सवड नव्हती. ज्याच्या हाती जे आलं ते घेऊन माणसं धावली. काठ्या, कुऱ्हाडी, डबे, ताटं. टाळेबंदीत ताटं वाजवायची सवय झालेलीच होती!

मी आपली चालते आहे, आणि एकाएकी मागून हा कल्लोळ! ढणढण, ठणठण, "हाऽऽ, हाऽऽ!" मला काय वाटलं असेल? लोकांनी वाघ उठवला, आणि तो हाकत माझ्याकडेच आणून राह्यले! मी जीव खाऊन पळत सुटले. आणि भीतीनं माझं सोंगही सुटेना. पळता पळता मी ओरडत होते, "सुषमा पळऽऽ! सुषमा, मांगं नको पाहूऽऽ!"

हे ऐकल्यावर मागची माणसं आणखी जोरात धावली.

इकडे शाळेत काय शांतता! मैदानात फक्कीनं काढलेले पांढरे गोल, एकेका गोलात एकेक विद्यार्थी. गेटाशी ताप मोजायचं यंत्र घेऊन मोठे सर, आणि शेजारी साहेब. साहेब म्हणत होते, "वा! अशी शिस्त तालुक्यात कुठं पाहिली नाही."

तेवढ्यात मी आत शिरले. मास्क हनुवटीला, वेणी सुटलेली. सरांनी सवयीनं माझ्या कपाळावर यंत्र धरलं. आणि माझ्या मागून अख्खा टोला आत आला.

साहेब एकदम मागे सरकले आणि ओरडले, "अंतर ठेवा! गोलात उभे राहा!"

आमच्या टोल्यातली माणसं साहेब म्हटलं की ऐकतात. काठ्या, कुऱ्हाडी, ताटं घेऊन एकेक जण गुमान एकेका रिकाम्या गोलात उभा राहिला. मध्ये वच्छलाकाकी मटकन खाली बसली आणि रडू लागली, "माही सुषमा! माही वाघीन गेली व!"

तिच्या शेजारच्याच गोलात कपड्याचं धोपटणं घेऊन एक पोरगी उभी होती. नाकातोंडाला दुपट्टा, फक्त डोळे दिसत होते. तिनं धापा टाकत दुपट्टा खाली ओढला आणि विचारलं, "आई! कोनती सुषमा व?"

ती सुषमाच होती! तलावावर कपडे धूत असताना तिनं आरडाओरड ऐकली आणि कोणाला नेलं हे न विचारता ती पोरांच्या पुढे धावत निघाली होती. तोंडं सगळ्यांचीच बांधलेली. जंगलभर सुषमा सुषमाला शोधत होती आणि कोणी तिला ओळखलं नाही!

काकीनं आधी तिला कवटाळलं, मग पाठीत एक रट्टा घातला, मग पुन्हा कवटाळलं.

साहेबांचा चेहरा मात्र उतरलेला. "सर, ही तुमची व्यवस्था? मला वरती काय सांगायचं? कोणी केली ही आखणी?"

सर म्हणाले, "माझीच आहे, साहेब." खरंच म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी सुषमाकडे पाहिलं. तिनं आईचा पदर मुठीत धरला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती काही बोलत नव्हती.

"सर, म्या केली!" मी म्हणाले. म्हणजे मला म्हणायचं होतं. पण जंगलातला आवाज अजून उतरला नव्हता. तो असा निघाला, की गेटावरचा कावळा उडाला आणि साहेबांच्या हातून पेन पडला. "वाघाच्या भेवानं म्याच सुषमाले खोट्या हाका मारल्या! म्या बाकं पाह्यली, साहेब! रस्ता नाई पाह्यला!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग टोल्याकडे, मग गेटाबाहेरच्या जंगलाकडे.

मग म्हणाले, "रस्ता आम्हीही पाहिला नव्हता, पोरी." आणि सरांकडे वळून, "एका वाटेची सगळी पोरं एकाच दिवशी. उद्यापासून. टोल्याच्या लहान पोरांनाही त्यांच्यासोबतच घ्या, मी परवानगीचं बघतो. शाळा चालू राहील."

मोठ्या सरांना घाम फुटला होता. तो पुसत ते म्हणाले, "साहेब, हेच लोक ग्रामसभेले बोलावलं तं कोरम भरत नाई!" आणि साहेब हसले. मास्कच्या आत हसले, पण पोट हलताना सगळ्यांना दिसलं.

काकी बुधवारी मिरचीला एकटी गेली. जाताना सुषमाला आमच्या घरी ठेवून गेली. माझ्या आईला म्हणाली, "तुह्या पोरीनं पोट्टी हरवली, तिनंच सांभाळावी." तेव्हा रात्री झोपेपर्यंत सुषमाची टकळी, हा माझा दंड. खिडकीजवळचं बाक गेलं ते गेलंच. टोल्याचा दिवस मंगळवार ठरला, आणि मंगळवारी त्या बाकावर आमच्याच वर्गातली वैशाली बसते.

आणि रस्त्यानं आता सर्वांत पुढे कोण चालतं? मी! सुषमानंच नेमलं. शेळी हरवली, प्रणालीला बोलवा. रेशनचा तांदूळ आला, प्रणालीला सांगा. आता ही काय गोष्ट झाली? तुम्ही तरी गैरसमज करून घेऊ नका. मी अजून तशीच आहे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि आवाज म्हणाल तर इतका बारीक, इतका बारीक, की शेजारी बसलेल्या माणसालासुद्धा—

"प्रणालीऽऽ! पोरी, बाबाले तलावावरून हाक मार व, चहा थंडा होऊन राह्यला! अन् जरा हळू मारजो, परवा पलीकडच्या गावचे लोक काठ्या घेऊन आले होते!"